सकाळचे पाय

"सकाळी उठल्यावर पाय कसे असतात, ताई?" डॉक्टर निखत मुजावर यांनी विचारलं, आणि राजमती मगदूम पापणीही न लववता खोटं बोलली.

"तसेच. दिवसभर असत्यात तसेच."

शेजारी बसलेल्या तिच्या आईनं, इंदूबाईंनी, मान हलवून दुजोरा दिला. मायलेकींच्या अंगात हे खोटं इतकं मुरलं होतं, की ते बोलताना दोघींपैकी कुणालाच आता काही वाटत नसे. नवल होतं ते प्रश्नाचं. राजमतीच्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पुष्कळ डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी तिच्या गुडघ्यांवर रबरी हातोड्या मारल्या, तळव्यांवरून किल्ल्या ओढल्या, 'कायमचं आहे' असं आईला ऐकवलं आणि सह्या ठोकल्या. सकाळचं कुणी कधी विचारलं नव्हतं. सुचणार तरी कसं? या दोघी कुठल्याच डॉक्टरपुढे दुपारी चारच्या आधी जात नसत.

"मी खरंखोटं तपासायला विचारत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. मिरजेची ही पोरगी नुकतीच इचलकरंजीच्या दवाखान्यात रुजू झाली होती, आणि अजून पेशंटच्या तोंडाकडे बघून बोलायची. "मानदुखीसाठी आला होतात तेव्हा रक्ताचा थेंब घेतला होता ना, त्याचा रिपोर्ट आलाय. तुम्हाला जो आजार आहे, त्यात सकाळी पाय चांगले असायलाच हवेत. असतात ना?"

राजमतीनं आईकडे पाहिलं. इंदूबाईंनी पिशवी उचलली.

"चल राजे, रिक्षावाला थांबलाय."

रिक्षावाला थांबलेला नव्हता. राजमतीनं खुर्चीच्या चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"असत्यात," ती म्हणाली.

इंदूबाई पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी लेकीला एकच गोष्ट नीट शिकवली होती, आणि लेक ती आज एका शब्दात विसरली.

तर या सकाळचं प्रकरण असं होतं. राजमती सहा वर्षांची असताना तिचा डावा पाय दुपारनंतर आत वळू लागला. संध्याकाळपर्यंत उजवाही वळे आणि पोर भिंत धरून सरपटत मोरीपर्यंत जाई. रात्री झोपली, की सकाळी परत टुणटुणीत. वडील यंत्रमागावर कामाला. आई मागावरून उतरलेल्या कापडातल्या गाठी नि तुटके धागे हातानं नीट करायला जायची. दोघांनाही आधी वाटलं, पोरगी नाटकं करते. दोन-चार वेळा पाठीत धपाटेही बसले. मग कुणीतरी अपंगांच्या शिबिराचं सांगितलं, तेव्हा इंदूबाई तिला घेऊन पहिल्या नंबरात बसायला भल्या सकाळी गेल्या. डॉक्टरांनी पोरीला चालवून पाहिलं, पळवून पाहिलं. "धडधाकट आहे की! पैशासाठी पोरांना लंगडं करता होय?" असं म्हणून सगळ्यांसमोर हाकलून दिलं. त्या संध्याकाळी राजमती घराच्या उंबऱ्यावरून आत येऊ शकली नाही. तिला उचलून आणावं लागलं.

इंदूबाईंना अक्षरओळख बेताची. पण धडा एकदाच गिरवला की पाठ. पुढच्या शिबिराच्या दिवशी त्यांनी पोरीला उन्हातान्हात सबंध बाजार पायी फिरवली, आणि चार वाजता डॉक्टरपुढे उभी केली. उभी कसली, धरली. 'मेंदूचा जन्मजात पक्षाघात, कायमस्वरूपी, सत्तर टक्के.' त्या दिवसापासून मगदुमांच्या घरातून सकाळ हद्दपार झाली. शाळा दुपारच्या पाळीची. सकाळी पडदा ओढलेला. "बस खाली, कोन तरी बघंल," हे वाक्य राजमतीनं जेवढं ऐकलं, तेवढं स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

डॉक्टर मुजावर टेबलावर पेन आडवं ठेवून समजावत होत्या. "मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन तयार होतं. हातपाय हलवायचा हुकूम नीट पोचायला ते लागतं. तुमच्या एका जनुकात छोटीशी चूक आहे, त्यामुळं ते कमी बनतं. रात्री झोपेत साठतं, सकाळभर पुरतं, दुपारी संपतं. घरच्या टाकीसारखं. टाकी लहान, म्हणून नळ दुपारी कोरडा. नळ बिघडलेला नाही, ताई. पायही नाहीत, मेंदूही नाही."

"मग औषध?"

"गोळी आहे. डोपामिनचा कच्चा माल असतो तिच्यात. थरथरीच्या म्हाताऱ्यांना देतात ना, तीच. तुम्हाला अगदी थोडी पुरेल, पण जन्मभर."

"नवीन निघालीय?" इंदूबाईंनी विचारलं. त्या अजून उभ्याच होत्या.

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं. "नाही हो, मावशी. तुमच्या लग्नाच्या आधीपासून मिळते."

इंदूबाईंनी पिशवीचे बंद हातात घट्ट गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"एक अडचण आहे," डॉक्टर आवाज उतरवून म्हणाल्या. "हे नवं निदान झालं. अपंगांच्या साहाय्य योजनेच्या नियमानं ते महिन्याच्या आत तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. मी गोळी लिहून दिली, की नोंद आपोआप होते. म्हणून मी लिहीत नाही. माझ्याकडं नमुन्याच्या पाकिटात महिनाभराच्या आहेत, त्या देते. घेऊन बघा. मग ठरवा." एवढं बोलून त्यांनी पाकीट सरकवलं आणि दाराकडे पाहिलं. सरकारी दवाखान्यात भलं करायचं तर तेही चोरून करावं लागतं.

---

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजमती उठली आणि उभ्यानं भाकरी थापू लागली.

लिहायला सोपं आहे. पण संध्याकाळी सातला घर उभ्यानं कसं दिसतं, हे तिनं सहाव्या वर्षानंतर पाहिलंच नव्हतं. फळीवरच्या डब्यांवर धूळ होती, ती दिसली. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसले, आणि त्यांच्यामागे तांबूस आभाळ. पाय आत वळलेलेच होते. अडतीस वर्षं रोज दुपारनंतर वळून वळून शेवटी तशीच आखडलेली घोट्याची शीर एका गोळीनं कशी सरळ होणार? त्याला ऑपरेशन लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण वाकड्या पायांत जोर होता. दुपारी होता, संध्याकाळी होता, दिवे लागले तरी होता. तव्यावरची भाकरी करपली, आणि राजमती ओट्याला धरून रडली. आनंदानं म्हणावं तर तसंही नाही. कुणीतरी आपलं काहीतरी चोरून नेलंय आणि आज ते परत आणून दिलंय, असा तो संताप होता.

इंदूबाईंनी उठून आधी दार लावलं, मग पडदा ओढला.

"हळू चाल," त्या म्हणाल्या. "चौगुलेकाकूला आवाज जाईल."

समोरच्या खोलीत राहणाऱ्या चौगुलेकाकू म्हणजे गल्लीची जिवंत चौकी. राजमतीला बघितलं की "बिचारी" म्हणायचं आणि त्यासोबत ती आज कुठं गेली, कधी आली, हे मनात टिपून ठेवायचं. पूर्वी योजनेच्या चौकशीला माणूस यायचा तेव्हा तो आधी काकूंच्याच दारात चहा प्यायचा.

आता मात्र माणूस येत नसे. आता प्रतिदेह होता.

प्रतिदेह ही चीज मुळात चांगली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ती आधी स्वतःसाठी बनवून घेतली. रोग्याचं रक्त, हाडांचे फोटो, घोट्याला बांधलेल्या पट्ट्यातून दिवसभर येणारी नाडी, झोप, चाल, सगळं संगणकाला भरवायचं. मग त्यातून त्या माणसाचा हुबेहूब गणिती देह उभा राहतो. त्याच्यावर आधी औषध करून बघायचं. बिघडलं तर गणित बिघडेल, माणूस नाही. किती जीव वाचले त्यापायी. पण चांगली चीज दवाखान्यातून निघून कचेरीत गेली, की तिचं काय होतं हे काय सांगायला हवं? साहाय्य कक्षानं प्रत्येक लाभार्थ्याचा प्रतिदेह करून घेतला आणि नियम केला: उपलब्ध उपचारांनंतर जेवढं अपंगत्व उरेल, तेवढ्याचीच मदत. ऐकायला काय वाजवी वाटतं! कुणाला नवं निदान झालं, की उपचार आधी प्रतिदेहावर होतात. प्रतिदेह बरा झाला, की मदत बंद. खरा देह कधी बरा होणार, होणार की नाही, हा प्रश्न नियमात नव्हता.

लोक तरी काय कमी? पट्टा आंघोळीपुरता काढायची परवानगी होती, त्यामुळे गावात आंघोळी फार लांबल्या. राजमतीची आंघोळ रोज उठल्यापासून दहा वाजेपर्यंत चाले. तिच्या प्रतिदेहाला म्हणूनच सकाळ ठाऊक नव्हती. तो बिचारा उठायचा तोच दुपारचे पाय घेऊन.

---

पंचवीसएक दिवस मायलेकींनी चोरून संसार केला. दिवसभर राजमती खुर्चीत बसून तिच्या गाळ्यावर जायची. कापड बाजाराच्या कोपऱ्यावरचा तो साडीच्या फॉल-पिकोचा गाळा अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. पायडल काढून हातानं चालणारं शिलाई मशीन तिनं स्वतः जोडून घेतलं होतं. आता पायांत गोळीचा जोर असायचा, आणि ती पाय निर्जीव ठेवून बसायची. समोरून ओळखीचं कुणी आलं, की घोटा मुद्दाम आणखी आत वळवायची. संध्याकाळी घरी आली, की पुन्हा आंघोळीच्या नावावर पट्टा काढून ठेवायचा, दार लावायचं, आणि दहा बाय बाराच्या खोलीत फेऱ्या मारायच्या.

एका संध्याकाळी फेरी मारता मारता ती थांबली.

"आई, आधी सकाळच लपवायची होती. आता दिवसभर लपवायचं."

"मग लपवायचं," इंदूबाई गहू निवडत म्हणाल्या. "सवय हाय आपल्याला."

"गोळ्या संपत आल्या."

"संपू देत."

"संपू देत?"

"तुला संध्याकाळ कधी होती का ग राजे? इतकी वर्षं नव्हती, तर काय मेलो का आपन?" इंदूबाईंचा हात सुपात थांबला नाही. "सांगितलंस की गाळा जाईल. मदत जाईल. माझा तुला सांभाळायचा भत्ता जाईल. चालत्या पायानं करशील काय? चव्वेचाळीसाव्या वर्षी कोन घेतंय कामाला? आन् पाय तरी कुठं सरळ हाईत? माकडागत चालतीस."

माकडागत हा शब्द राजमतीच्या जिव्हारी लागला. ती भिंतीला टेकली.

"डोंगराचं आठवतंय तुला?" तिनं विचारलं.

इंदूबाईंनी सूप जरा जोरात पाखडलं. म्हणजे आठवत होतं.

नऊ वर्षांची होती राजमती. कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगराला सगळी आळी निघाली होती, पहाटेच. सकाळचे पाय अगदी फुरफुरत होते. पायऱ्या बघून पोरीनं उडीच मारली. पण बरोबरच्या मंडळींत तलाठ्याची बायको होती. इंदूबाईंनी पोरीचा दंड असा काही दाबला, की महिनाभर वळ राहिला, आणि तिला डोलीत घातलं. पायात वारं भरलेलं असताना राजमती दोन माणसांच्या खांद्यावरून डोंगर चढली. वर सगळे म्हणाले, बिचारी. पोरीनं मान खाली घातली आणि पाय वाकडे करून दाखवले. आईनं सांगितलं नव्हतं तरी.

"मला संध्याकाळी डोंगर चढायचाय," राजमती म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. डोलीशिवाय. बाकी जाऊ दे काय जायचं ते."

"पोट भरलेलं असलं की असलं सुचतंय."

"तू मला खुर्चीत बसवलंस, आई."

हे वाक्य तिला बोलायचं नव्हतं. पण ते बाहेर पडलं, आणि मग दोघींच्या मध्ये गव्हाच्या सुपाशेजारी पडून राहिलं. इंदूबाईंनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मी तुला जगवलं," त्या म्हणाल्या. दोन्ही खरं होतं, आणि त्याचाच दोघींना राग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता राजमतीनं पट्टा बांधला. रिक्षा बोलावली. इंदूबाई चपला घालून मागोमाग आल्या आणि खुर्ची ढकलू लागल्या.

---

साहाय्य कक्षातले शिंत्रे साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी पाणी विचारलं, खुर्चीला वाट करून दिली, आणि भिंतीवरच्या पडद्यावर राजमतीचा प्रतिदेह उघडला. राखाडी रंगाची, बिनकपड्यांची, बिनचेहऱ्याची एक बाई तिथं खुर्चीत बसली होती. पाय आत वळलेले. बसायची ढब अगदी राजमतीची.

"बोला. नवीन काय निदान?"

राजमतीनं सांगितलं. आजाराचं नाव, जनुक, गोळी. शिंत्रे टाइप करत गेले. मग यंत्रानं त्यांच्यापुढे एक प्रश्न टाकला आणि त्यांनी तो वाचला.

"सकाळी लक्षणं कमी असतात का, विचारतंय. पट्ट्यात तुमची सकाळ कधी आलेलीच नाही. आंघोळीला असायचात वाटतं." शेवटचं वाक्य ते जरा हसून म्हणाले. त्यांच्यापुढे रोज अख्खं गाव आंघोळ करत असे.

"सकाळी मी चालते," राजमती म्हणाली. "लहानपणापास्नं. लपवत होतो आम्ही."

शिंत्र्यांचं हसू मावळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बटण दाबलं.

पडद्यावरच्या बाईला गोळी मिळाली. कोपऱ्यात महिने सरकू लागले. बाईच्या घोट्यावर ऑपरेशन झालं, प्लास्टर आलं, प्लास्टर गेलं. रोज चार तास व्यायाम, पौष्टिक आहार, पुरेशी विश्रांती. हे सगळं व्हायला चहाचा एक घोट घ्यावा एवढा वेळ लागला. मग ती बाई खुर्चीतून उठली. पाय सरळ होते. ती चालू लागली. एक पांढरी वाट तिच्या पायांखालून सरकत होती, आणि ती हात हलवत, ताठ मानेनं चालत होती. मग तिच्यापुढे जिना आला. ती जिना चढली.

राजमती खुर्चीतून पुढे झुकली. ती चाल तिची होती. लहानपणी, घोटे कायमचे आखडायच्या आधी, सकाळी खिडकीच्या पडद्याआड, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ती अशीच चालायची.

"कुठं निघालीय ती?" इंदूबाईंनी विचारलं.

"कुठं नाही, मावशी. चालून दाखवतेय." शिंत्र्यांनी पडदा वाचला. "उपचारांनंतर उरणारं अपंगत्व चार टक्के. म्हणजे मदत, भत्ता, दोन्ही आजपासून बंद. गाळा महिनाअखेर सोडायचा. खुर्चीही तेव्हाच जमा करा."

"माझं ऑपरेशन कधी?" राजमतीनं विचारलं.

"अं?"

"तिचं झालं आत्ता. माझं कधी?"

"दवाखान्यात रांग आहे. दोन वर्षं धरा. पण..." शिंत्रे अवघडले. "ते फुकट होतं ते अपंगांच्या प्रमाणपत्रावर. ते आता राहत नाही ना. चार टक्क्यांना देत नाहीत."

"म्हणजे ती बरी झाली म्हणून मला बरं करायचं नाही?"

"ताई, नियम मी केलेला नाही."

हे वाक्य साहेबाच्या खुर्चीबरोबरच त्यांना मिळालेलं असावं. पण तेवढ्यात यंत्राचं पुढचं काम सुरू झालं होतं. "मूळ प्रमाणपत्राची फेरतपासणी करतंय," शिंत्रे म्हणाले. "थांबा. अपंगत्व केव्हापासून टाळता आलं असतं, ते मागं जाऊन बघतं."

पडद्यावरची बाई लहान होऊ लागली. केस नसलेलं डोकं मोठं, अंग बारीक. तिशी गेली, विशी गेली. शेवटी सहा वर्षांची एक राखाडी पोर पडद्यावर उभी राहिली, डावा पाय आत वळवून. यंत्रानं तिला तेव्हाच्या बाजारात मिळणारी तीच गोळी दिली. पोरीनं पाय सरळ केला. एकदा खाली वाकून पायाकडे पाहिलं. निदान दोघींना तसं वाटलं. मग ती पळायला लागली. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे आकडे कोपऱ्यातून सरकत होते आणि पोरगी पळतच होती. थांबतच नव्हती.

इंदूबाई पडद्याजवळ गेल्या. त्यांनी काचेला बोट लावलं.

"बंद करा ते, साहेब," राजमती म्हणाली.

"झालंच," शिंत्रे म्हणाले आणि निर्णय वाचू लागले. "रोगाची मुख्य खूण, म्हणजे सकाळी पाय बरे असणं, मूळ तपासणीत लपवली गेली. ती सांगितली असती तर योग्य निदान तेव्हाच शक्य होतं. सबब मूळ प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून रद्द. घाबरू नका, वसुली वगैरे काही नाही. फक्त शेरा असा येतो, की तुम्ही कधी अपंग नव्हताच."

राजमतीला आधी त्याचा अर्थच लागेना. सरपटत काढलेल्या संध्याकाळी, हातांवर चालवलेलं मशीन, मोडलेलं एक लग्न, डोली, 'बिचारी'. यातलं काही झालंच नव्हतं म्हणे.

इंदूबाई वळल्या. "मी सकाळी नेलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "पहिल्यांदा मी सकाळीच नेलं होतं! पहिल्या नंबरात! त्यांनी पळवून बघितली पोरगी आन् मला हाकललं. पैशासाठी लंगडं करता म्हनाले. मी दाखवली होती सकाळ. त्यांनी न्हाई बघितली!"

कक्षातली रांग वळून पाहू लागली. शिंत्र्यांनी खरोखर शोधलं. तारखा मागेपुढे केल्या, शिबिरांची जुनी दप्तरं उघडली. यात त्यांची दहा मिनिटं गेली, आणि ती त्यांनी मनापासून घालवली.

"त्याची नोंद नाही, मावशी," ते शेवटी म्हणाले. "ज्यांना परत पाठवलं, त्यांची नोंद ठेवत नसत."

---

परतताना दिवस कलला होता. डॉक्टर मुजावरांकडून रीतसर लिहून घेतलेल्या गोळ्या राजमतीच्या पर्समध्ये होत्या. एवढं एक मात्र आता उजळ माथ्यानं करता आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी तिनं रिक्षा थांबवली.

"इथनं चालत येते."

इंदूबाईंनी खुर्ची उतरवून घेतली. राजमती उतरली आणि दोन्ही वाकड्या पायांवर उभी राहिली. संध्याकाळचे साडेसहा. गल्लीत मागांचा खडखडाट, दिवे लागायची वेळ. ती चालू लागली. आत वळलेले घोटे, हेलकावणारं अंग. आई म्हणाली होती तशीच. पण चालत होती. आणि आता लपवण्यासारखं जगात काही उरलं नव्हतं. गाळा गेला, मदत गेली, होतं ते सगळं जाऊन झालं होतं. त्या बदल्यात ही गल्ली तिनं विकत घेतली होती, संध्याकाळसकट.

मागून रिकामी खुर्ची ढकलत इंदूबाई येत होत्या.

"रविवारी डोंगराला जाऊ," त्या एकाएकी म्हणाल्या. "बसत बसत चढू. मी पन येते."

राजमती मागे न वळता म्हणाली, "संध्याकाळी."

"संध्याकाळीच."

घर चार पावलांवर आलं. राजमतीनं कुलूप काढायला किल्ली हातात घेतली. तेवढ्यात समोरच्या दाराची कडी वाजली.

नंतर तिनं किती आठवून पाहिलं तरी तिला कळलं नाही, की तिनं ते कधी केलं. चौगुलेकाकूंचं दार पुरतं उघडलं तेव्हा राजमती खुर्चीत होती. गुडघे जवळ ओढलेले, डावा घोटा आणखी आत वळवलेला, मान किंचित खाली. आणि इंदूबाईंनी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, खुर्ची बरोब्बर तिच्या मागे आणून लावली होती.

"काय ग राजे, आज दिवसभर दिसली न्हाईस?" काकूंनी विचारलं.

"पाय धरलेत आज तिचे," इंदूबाई म्हणाल्या. अगदी सहज, नेहमीच्या आवाजात. "सकाळपास्नं उभीच राहीना झालीय."

राजमतीनं मान हलवून दुजोरा दिला.

"बिचारी," काकू म्हणाल्या.

इंदूबाईंनी लेकीच्या हातातली किल्ली घेतली, दार उघडलं आणि खुर्ची उंबऱ्यावरून आत ढकलली. मग सवयीनं पडदा ओढला.